विश्लेषण : किडे खाणारी भारताची एकमेव घटपर्णी ग्रीनहाऊसमध्ये कशी जपतात? आणि तेवढं पुरेसं आहे का?

हिरव्या वेलीला लटकलेला एक छोटा तांब्या. त्याच्या काठावर एक माशी येऊन बसते, दोन पावलं टाकते आणि घसरून आत पडते. असे रील्स तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी येऊन गेले असतील. खाली कमेंट ठरलेली असते : 'हे झाड कुठे मिळेल?'

तांब्यांची ही वेल म्हणजे घटपर्णी. जगात तिच्या दीडशेहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक बोर्निओ, सुमात्रा, फिलिपिन्स या पट्ट्यात वाढतात. भारतात निसर्गतः वाढणारी जात एकच, ती म्हणजे नेपेन्थिस खासियाना. तिचं घर मेघालयात, खासी, जैंतिया आणि गारो टेकड्यांमध्ये. जागतिक लाल यादीत तिची नोंद 'संकटग्रस्त' अशी आहे.

टेकड्यांवर ती कमी होत असताना देशातली वनस्पती उद्यानं, प्रयोगशाळा आणि ग्रीनहाऊस तिची रोपं वाढवत आहेत. ऐकायला हे सोपं वाटतं. रोपं वाढवायची, हजारो करायची, प्रश्न संपला. पण काचेखाली हजार रोपं असूनही ती जात वाचलेली नसते, असंही होऊ शकतं. ते कसं, हे समजण्यासाठी आधी हे झाड काय आहे ते पाहू.

तांब्या म्हणजे फूल नव्हे

घटपर्णीचा तांब्या हे तिचं फूल आहे, असा अनेकांचा समज असतो. तो खरं तर पानाचाच भाग. पानाचं टोक लांबून त्याचा दोरीसारखा तणावा होतो, तणाव्याचं टोक फुगतं, पोकळ होतं आणि त्यावर झाकण तयार होतं. झाकण उघडण्याआधीच आत पाणी साठलेलं असतं. हे पाणी पावसाचं नसतं, झाडानेच स्रवलेलं असतं.

तांब्याच्या तोंडाशी गोड रस असतो. काठ ओला झाला की त्यावर किड्याचे पाय टिकत नाहीत. आतली भिंत मेणचट असल्याने वर चढता येत नाही. खाली पडलेल्या किड्याचं पचन द्रवातली विकरं करतात. त्यातून झाडाला मिळतो तो मुख्यतः नायट्रोजन आणि फॉस्फरस. साखर ते इतर झाडांप्रमाणे उन्हातूनच बनवतं. त्यामुळे 'किड्यांवर जगणारं झाड' हे वर्णन अर्धंच खरं आहे. किडे हे त्याचं खत आहे, जेवण नव्हे.

ही उठाठेव कशासाठी? मेघालयाचा दक्षिण उतार म्हणजे जगातल्या सर्वात पावसाळी प्रदेशांपैकी एक. सोहरा म्हणजे चेरापुंजी आणि मावसिनराम याच राज्यात. इतका पाऊस मातीतली पोषकद्रव्यं धुऊन नेतो आणि उरते निकस, आम्लधर्मी माती. अशा मातीत इतर झाडं रडतखडत वाढतात. घटपर्णीने वरून येणारं खत पकडायची सोय केली आणि तिथे जागा मिळवली.

स्थानिकांनी तिला दिलेली नावं झक्कास आहेत. गारो लोक तिला 'मेमांग-कोक्सी' म्हणतात, म्हणजे भुताची टोपली. खासी नावाचा अर्थ राक्षसी फूल असा होतो, तर जैंतिया नावाचा अर्थ झाकण असलेलं माशांचं जाळं. वनस्पतिशास्त्रज्ञांना जे समजायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं, ते जैंतिया लोकांनी नावातच सांगून ठेवलं होतं.

ग्रीनहाऊसशी नातं जुनंच

इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर 1850 मध्ये खासी टेकड्यांत फिरले होते. पुढे ते लंडनच्या क्यू गार्डनचे संचालक झाले आणि 1873 मध्ये या झाडाला 'खासियाना' हे शास्त्रीय नाव त्यांनीच दिलं. पुढच्याच वर्षी बेलफास्टच्या एका परिषदेत त्यांनी मांसाहारी वनस्पतींवर भाषण केलं. त्याआधी त्यांनी घटपर्णीच्या तांब्यांत अंड्याचा पांढरा भाग आणि मांसाचे तुकडे टाकून त्यांचं काय होतं ते पाहिलं होतं. झाडं प्राणिज पदार्थ खरोखर पचवतात का, हा त्या काळी मोठा वादाचा विषय होता. 1875 मध्ये चार्ल्स डार्विन यांचं कीटकभक्षी वनस्पतींवरचं पुस्तक आलं, ते याच धाग्यावर.

त्या काळात इंग्लंडमधल्या श्रीमंतांच्या काचघरांत घटपर्णी असणं ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. जंगलातून झाडं उपटून जहाजाने नेली जायची आणि त्यातली कित्येक वाटेतच मरायची. आज जतनासाठी वापरली जाणारी काचघरं एकेकाळी याच झाडांच्या लुटीचं कारण होती. हा इतिहास उद्यानांच्या माहितीफलकांवर सहसा नसतो.

काचेखालचा दिनक्रम

घटपर्णी सांभाळणाऱ्या माळ्याची पहिली काळजी पाण्याची असते. नळाचं किंवा बोअरचं पाणी तिला चालत नाही. त्यातले क्षार कुंडीत साठत जातात आणि मुळं जळतात. म्हणून पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं, अगदी कमी टीडीएसचं पाणी वापरतात.

दुसरी काळजी मातीची, म्हणजे माती न घालण्याची. शेणखत, गांडूळखत घातलेली बागेची 'चांगली' माती तिच्यासाठी वाईट. नारळाच्या सोडणाचे तुकडे, धुतलेलं कोकोपीट, परलाइट, स्फॅग्नम मॉस असं काहीतरी हलकं, निकस आणि पाणी न तुंबणारं मिश्रण लागतं. आणखी एक पेच आहे. बागकामात वापरलं जाणारं पीट थंड प्रदेशातल्या दलदली खणून काढतात आणि त्याच दलदली इतर अनेक मांसाहारी वनस्पतींचं घर आहेत. एक जात जपण्यासाठी दुसरीचं घर खणायचं नसेल, तर मिश्रणाचा विचारही करावा लागतो.

हवेत भरपूर दमटपणा हवा, म्हणून फॉगर लागतात. पण हवा कोंडली की बुरशी येते, म्हणून पंखेही लागतात. ऊन हवं, पण गाळून आलेलं, म्हणून शेडनेट. दिवसाच्या मानाने रात्र थोडी थंड असावी. यातलं काही बिघडलं की झाड लगेच मरत नाही. ते पानं काढत राहतं आणि पानाच्या टोकाला तांब्याऐवजी सुकलेला तणावा लोंबतो. खत जास्त झालं तरी तेच होतं. आयतं मिळत असेल तर झाड तांबे बनवायच्या फंदात पडत नाही.

बंद ग्रीनहाऊसमध्ये किडे कमी येतात. मग काही ठिकाणी तांब्यात अधूनमधून सुकवलेले किडे टाकतात. पनीर किंवा चिकनचा तुकडा टाकण्याचे प्रयोग व्हिडिओत बरे दिसतात, पण त्याने तांब्या सडतो.

आता गंमत पाहा. या झाडाचे शत्रूही किडेच आहेत. पिठ्या ढेकूण, खवले कीड, मावा, फुलकिडे, म्हणजे आपल्याकडे द्राक्ष-डाळिंबवाल्यांची झोप उडवणारी सगळी मंडळी. ती पानाखाली आणि कोवळ्या शेंड्यात बसतात, तांब्याच्या वाटेला जात नाहीत. माशा पकडणारं झाड पिठ्या ढेकणापुढे हतबल असतं आणि माळी कापसाचा बोळा घेऊन एकेक पान पुसत बसतो.

एकाची हजार रोपं : फायदा आणि फसगत

केरळमध्ये तिरुवनंतपुरमजवळ पालोड इथे जवाहरलाल नेहरू उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान आणि संशोधन संस्था आहे. 1979 साली स्थापन झालेल्या या संस्थेने मेघालयाची ही वेल पश्चिम घाटाच्या पायथ्याशी वाढवली. 1994 मध्ये तिथल्या संशोधकांनी टिश्यू कल्चरने तिची रोपं तयार करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. खोडाचा पेर असलेला छोटा तुकडा निर्जंतुक करून पोषक जेलमध्ये ठेवायचा, कक्षातला डोळा फुटू द्यायचा, मग प्रत्येक फुटव्याचं वेगळं रोप करायचं. मेघालयातल्या संशोधकांचंही या झाडाच्या टिश्यू कल्चरवर काम आहे.

महाराष्ट्रात टिश्यू कल्चर म्हटलं की जळगावची जी-नाईन केळी आठवतात. तिथे शेतकऱ्याला सगळी झाडं एकसारखी हवी असतात : एकाच वेळी घड, एकाच आकाराची केळी. जतनाच्या कामात नेमकी हीच एकसारखेपणाची गोष्ट अडचणीची ठरते. एका वेलीच्या डोळ्यांतून केलेली हजार रोपं म्हणजे जनुकीयदृष्ट्या एकच झाड, हजार कुंड्यांत. एखादा नवा रोग आला आणि त्यापुढे एक रोप टिकलं नाही, तर उरलेली नऊशे नव्याण्णवही टिकतील याची खात्री नसते.

दुसरी अडचण पपई लावणाऱ्याला लगेच कळेल. घटपर्णीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात. एकाच वेलीपासून केलेली सगळी रोपं एकाच लिंगाची निघतात. हजार नर वेली फुलल्या तरी बी एकही धरणार नाही.

बरं, रोप नर आहे की मादी हे फुलं येईपर्यंत कळत नाही. बियांपासून वाढवलेल्या रोपाला फुलायला काही वर्षं जातात. नंतर नर आणि मादी एकाच वेळी फुलायला हव्यात. नर आधी फुलून गेला तर पराग सुकवून, थंडीत साठवून ठेवावा लागतो किंवा दुसऱ्या उद्यानातून मागवावा लागतो. एवढं करून मिळणारं बी केसासारखं बारीक असतं आणि साध्या तापमानाला काही महिन्यांतच त्याची उगवणक्षमता संपते. गहू-ज्वारीसारखं डब्यात भरून ठेवण्याची सोय इथे नाही.

चिठ्ठी हरवली की झाड गेलं

ग्रीनहाऊसमधली सर्वात महत्त्वाची वस्तू कोणती? फॉगर नाही, आरओ मशीनही नाही. कुंडीत खोचलेली प्लॅस्टिकची चिठ्ठी.

त्या चिठ्ठीवर एक नोंदणी क्रमांक असतो. नोंदवहीत त्या क्रमांकापुढे ही वेल कुठल्या टेकडीवरून, कोणत्या वर्षी, बियांतून की छाटातून आली, नर की मादी, हे लिहिलेलं असतं. गारो टेकड्यांतली वेल आणि जैंतियामधली वेल दिसायला सारखी असली, तरी त्यांची वंशावळ वेगळी असू शकते. पुढे कधी ही रोपं टेकडीवर परत न्यायची झाली, तर कुठली कुठे न्यायची हे ठरवायला तीच नोंद लागते. चिठ्ठी पुसली गेली, माळी बदलला, वही भिजली, की हिरवंगार झाडही जतनाच्या दृष्टीने निनावी होतं. ते प्रदर्शनात ठेवता येतं, इतकंच.

शिवाय घटपर्णीच्या जाती एकमेकींशी सहज संकर करतात. एकाच ग्रीनहाऊसमध्ये खासियानाशेजारी बोर्निओची वेल फुलली आणि मधे एखादी माशी फिरली, तर तयार होणारं बी शुद्ध राहत नाही. म्हणून फुलोऱ्याला बारीक जाळीची पिशवी बांधून हाताने परागीभवन करतात. मोठ्या संग्रहात अशी पिशवी न बांधता धरलेलं बी जतनासाठी जवळजवळ निरुपयोगी असतं.

झाड हाताशी होतं म्हणून कळलं

या सगळ्या खटाटोपाचा एक फायदा असा, की अभ्यासासाठी टेकडीवरची झाडं तोडावी लागत नाहीत. पालोडच्याच संशोधकांनी 2013 मध्ये एक लक्षवेधी निरीक्षण प्रसिद्ध केलं. अतिनील प्रकाशात घटपर्णीच्या तांब्याचा काठ निळा चमकतो, तोंडाभोवती निळी कडी दिसते. साध्या उजेडात ही चमक आपल्याला दिसत नाही. ही कडी झाकून टाकल्यावर तांब्यात पडणाऱ्या किड्यांची संख्या खूप घटली. म्हणजे किड्यांना बोलावण्यात गोड रसाबरोबर या निळ्या कडीचाही हात आहे. त्याआधी 2011 मध्ये याच संस्थेच्या अभ्यासात तांब्यातल्या द्रवात बुरशीला रोखणारी संयुगं असल्याचं दिसलं होतं. किडा पचेपर्यंत तो बुरशीने खाऊन टाकू नये, ही झाडाची तजवीज.

पण तांब्यात फक्त किडे मरत नाहीत, काही जीव तिथे जगतातही. घटपर्णीच्या अनेक जातींच्या तांब्यात डासांच्या आणि माशांच्या काही अळ्या वाढतात, पडलेल्या किड्यांचे तुकडे करतात, जीवाणू ते तुकडे कुजवतात. टेकडीवरचा प्रत्येक तांब्या एक छोटं तळं असतो. ग्रीनहाऊसमध्ये येते ती वेल. हे तळं आणि त्यातली वस्ती मागेच राहते.

मग परत टेकडीवर का नेत नाहीत?

कारण टेकडीची अवस्था. मेघालयात घटपर्णीवर आलेली संकटं अनेक आहेत : विक्रीसाठी आणि औषधासाठी वेली उपटणं, झूम शेतीसाठी जाळलेले उतार, रस्ते, दगडखाणी आणि कोळसा. जैंतिया टेकड्यांतला जराईन हा भाग घटपर्णीसाठी ओळखला जातो आणि जैंतिया टेकड्याच उंदराच्या बिळासारख्या अरुंद कोळसा खाणींसाठी कुप्रसिद्ध आहेत. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल 2014 मध्ये अशा खाणकामावर बंदी घातली. तरीही बेकायदा खाणकाम सुरूच राहिलं, हे 2018 च्या डिसेंबरमध्ये क्सान इथे खाणीत पाणी शिरून कामगार अडकले तेव्हा साऱ्या देशाला दिसलं.

दक्षिण गारो टेकड्यांत बाघमारा इथे घटपर्णीसाठी राखलेलं एक अभयारण्य आहे, पण त्याचं क्षेत्र एका चौरस किलोमीटरहूनही कितीतरी लहान. मेघालयातली बहुतेक जंगलं सरकारच्या नव्हे, तर गावांच्या, कुळांच्या आणि कुटुंबांच्या मालकीची आहेत. त्यामुळे वनखात्याने फलक लावला आणि जागा राखीव झाली, असं तिथे होत नाही. वेल कुठे ठेवायची आणि उतार कशासाठी वापरायचा, हे गाव ठरवतं. घटपर्णी पाहायला येणाऱ्या पर्यटकांतून गावाला चार पैसे मिळाले तर वेल राहण्याची शक्यता वाढते. दगड विकून जास्त मिळत असतील तर कमी होते.

परत नेण्याचं काम कसं असतं, याचं चांगलं उदाहरण अमेरिकेत आहे. तिथल्या सारासेनिया या वेगळ्या कुळातल्या वनस्पतीही पानाच्या नळीत किडे पकडतात. त्यातली सारासेनिया ओरिओफिला ही जात 1979 मध्ये सरकारी संकटग्रस्त यादीत गेली. अटलांटा बोटॅनिकल गार्डनने आपल्या ग्रीनहाऊसमध्ये अशा जाती नोंदी ठेवून वाढवल्या आणि जॉर्जिया राज्यातल्या डोंगरी दलदलींत त्यांची रोपं परत लावायला घेतली. तिथे लक्षात येतं ते हे, की रोप लावणं हा कामाचा छोटा भाग आहे. आधी दलदलीतलं वाढलेलं झुडूप तोडावं लागतं, पूर्वी नैसर्गिक वणवे जी सफाई करायचे ती नियंत्रित आग लावून करावी लागते, पाण्याची वाट मोकळी ठेवावी लागते. आणि हे एकदा करून भागत नाही, पुन्हा पुन्हा करावं लागतं.

महाराष्ट्रात काय आहे?

महाराष्ट्रात घटपर्णी नैसर्गिकरीत्या नाही, पण किडे पकडणारी झाडं आहेत. कास पठारावर आणि सह्याद्री-कोकणातल्या सड्यांवर पावसाळ्यात दवबिंदू उगवतो. त्याच्या पानांवरचे चिकट थेंब दवासारखे चमकतात आणि किडा त्यात अडकतो. निळ्या-जांभळ्या फुलांची सीतेची आसवं फोटोत सगळ्यांनी पाहिलेली असतात. ही नाजूक वनस्पतीही मांसाहारी आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं. तिच्या बारीक पिशव्या ओल्या मातीत दडलेल्या असतात आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात सूक्ष्म जीव आत ओढून घेतात.

यातल्या बहुतेक जाती पावसाबरोबर उगवून पावसाबरोबर संपतात. बी कातळावरच्या इंचभर मातीत पुढच्या जूनपर्यंत पडून राहतं. पायाखाली ती माती निघाली की बी पण गेलं. फोटोसाठी कुंपण ओलांडणाऱ्यांवर कासचे रखवालदार खेकसतात, ते यासाठी.

घरी घटपर्णी लावायची असेल तर?

नेपेन्थिस खासियानाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. पूर्वी ती अनुसूची सहामध्ये होती, 2022 च्या दुरुस्तीनंतर अनुसूची तीनमध्ये आहे. ती जंगलातून उपटणं गुन्हा आहे आणि परवान्याशिवाय तिची लागवड किंवा विक्रीही करता येत नाही. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या 'साइट्स' करारात घटपर्णीच्या फक्त दोन जाती सर्वात कडक परिशिष्टात आहेत : बोर्निओची नेपेन्थिस राजा आणि आपली खासियाना.

नर्सरीत सर्रास मिळतात त्या परदेशी जातींच्या संकरित घटपर्णी, उदाहरणार्थ 'व्हेंट्राटा'. त्या रोपवाटिकेतच वाढवलेल्या असतात आणि सांभाळायला सोप्या असतात. विकत घेताना रोपाचं पूर्ण नाव विचारा. कुणी 'मेघालयची ओरिजिनल' म्हणून वेल दाखवली तर परवाना पाहायला मागा. मुळाशी टेकडीची माती, पानं फाटलेली, वेल जून आणि कुंडी मात्र नवीकोरी असेल, तर ती वेल रोपवाटिकेतली असण्याची शक्यता कमी आहे. घेतलेल्या रोपाला पावसाचं पाणी साठवून ठेवा, खत घालू नका आणि नर्सरीची चिठ्ठी कुंडीतच राहू द्या.